थंडीआधी कागदं जुळवा : बेळगाव सीमाभागात मदत मिळवायची कशी

भाताची सुगी आटोपत आली की बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असतात. त्यात दिवाळीनंतरचा कोरडा वारा सुटतो आणि रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटेनासा होतो. दुकानदार म्हणतो, ‘उद्या या.’ उद्या सर्व्हर बंद असतो. महिन्याचं धान्य बुडतं ते असं. त्या माणसाचा हक्क गेलेला नसतो, फक्त मशीनला त्याचं बोट ओळखू येत नसतं.

सीमाभागात मदत अडते ती बहुतेक वेळा अशाच बारक्या ठिकाणी. घर पात्र असतं, पण एका कागदावर पत्ता माहेरचा, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर जन्मसाल वेगळं. म्हणून हा लेख योजनांची यादी देत नाही, कामाचा क्रम सांगतो. लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजकडून इकडं आलेली सून, खानापूर भागातून शहरात भाड्यानं राहायला आलेलं कुटुंब आणि म्हाताऱ्या आईवडिलांची कामं नुकतीच अंगावर आलेला मुलगा, या तिघांना डोळ्यासमोर ठेवलं आहे.

क्रम असा : आधी आधार, मग रेशन कार्ड, मग बँक खातं, आणि मगच योजनेचा अर्ज. उलट्या बाजूनं सुरुवात केली की अर्ज फेटाळला जातो आणि फेरा पहिल्यापासून सुरू होतो. शक्यतो नोव्हेंबरातच हे उरका. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की अर्धे अधिकारी त्याच धावपळीत असतात, आणि टेबलावरचा तुमचा कागद तिथंच राहतो.

कुठल्या दारात कुठलं काम

खेड्यात ग्रामपंचायतीतलं बापूजी सेवा केंद्र किंवा ग्राम वन, शहरात कर्नाटक वन. गृहलक्ष्मी (बाईला महिन्याचे पैसे) आणि गृहज्योती (विजेच्या बिलात सूट) यांसारखे अर्ज इथं भरून मिळतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, वृद्धाप्य वेतन, विधवा वेतन, अपंग वेतन ही कामं नाड कचेरीत, म्हणजे होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) उपतहसीलदारांकडे. आपलं गाव कुठल्या होबळीत येतं हे आधी विचारून घ्या. जवळची नाड कचेरी आपलीच असेल असं नाही. चौकशीला गावात येणाऱ्याला आपण अजून तलाठीच म्हणतो. तो कुठल्या वारी पंचायतीत बसतो हे पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, विचारलं की कळतं.

सुनेचं नाव

सीमाभागातलं सगळ्यात किचकट काम हेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. तिचं आधार माहेरच्या पत्त्यावर, नाव माहेरच्या रेशन कार्डावर. इथल्या कार्डावर नाव चढवायला गेलं की संगणक नाकारतो, कारण एक आधार क्रमांक एकाच रेशन कार्डावर बसतो. तेव्हा पहिली पायरी सासरी नाही, माहेरी आहे. माहेरच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत अर्ज देऊन नाव कमी करून घ्यायचं आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्यायचा. तोंडी ‘केलंय, जावा’ यावर परत येऊ नका. पुढं दोन महिन्यांनी नाव अजून तिथंच असल्याचं कळलं की पुन्हा गाडीखर्च.

त्याच फेरीत विवाह नोंदणीचा दाखलाही मागून घ्या. लग्न माहेरच्या गावात झालं असेल तर महाराष्ट्रात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, त्यामुळं काम गावातच होतं. लग्न इकडं झालं असेल तर उपनोंदणी कार्यालय गाठावं लागतं.

मग आधारचा पत्ता. सुनेच्या नावावर सासरचा एकही पुरावा नसतो, ना वीजबिल ना पासबुक. त्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे. ऑनलाइन अर्जात नवऱ्याचा आधार क्रमांक घालायचा, नात्याचा पुरावा म्हणून विवाहाचा दाखला जोडायचा. नवऱ्याच्या मोबाइलवर विनंती येते, ती त्यानं तीस दिवसांच्या आत मान्य करायची. इथं दोन गोष्टी चुकतात. नवऱ्याचा मोबाइल आधारला जोडलेला नसतो, किंवा तो गोव्यात कामाला असतो आणि संदेश न वाचताच राहतो. मुदत संपली की अर्ज बाद, आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. पत्त्यासारख्या माहितीच्या बदलाला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये लागतात.

नाव बदलणार असाल तर थांबून विचार करा. आधारवर नाव जास्तीत जास्त दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा लग्नानंतरचं नाव कसं लिहायचं हे घरात बसून एकदा ठरवा. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहायची सवय, इकडच्या कागदांत ते शेवटी. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर नुसतंच ‘लक्ष्मी’, असं असेल तर तिन्हीकडं एकच स्पेलिंग करून घ्या. ‘लक्ष्मी’ची दोन स्पेलिंगं हे नाव न जुळण्याचं नेहमीचं कारण आहे.

हे झालं की इथल्या रेशन कार्डावर नाव चढवायचं. नवीन कार्ड आणि दुरुस्तीची सोय वर्षभर सलग चालू नसते, मधूनमधून उघडते. ग्राम वनवाल्याला तुमचा नंबर देऊन ठेवा आणि कागद तयार ठेवा. बीपीएल कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार रुपये आहे. घरात आयकर भरणारा, सरकारी नोकर किंवा स्वतःच्या वापराची चारचाकी असेल तर कार्ड मिळत नाही, असलं तर रद्द होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी मोठी तपासणी झाली तेव्हा बरीच खरी गरजू घरंही गाळली गेली आणि नंतर ती परत घ्यावी लागली. आपलं कार्ड चालू आहे का हे आहार खात्याच्या संकेतस्थळावर किंवा दुकानात अधूनमधून बघत राहा.

अंगठा

कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, रेशन दुकानात होतं आणि ते फुकट आहे. थंडीत अंगठा उमटत नसेल तर आदल्या रात्री हात कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि खोबरेल लावून झोपा. सकाळी जाताना मात्र साबणानं धुऊन कोरडे पुसा, कारण तेलकट बोटही मशीन घेत नाही. अंगठा नाही चालला तर इतर बोटं एकेक करून लावा. मधलं बोट किंवा अनामिका पुष्कळदा लागते, कारण विळ्याची मूठ त्यांच्यावर कमी घासलेली असते. बोट दाबून धरू नका, रेषा चपटतात. हलकं टेकवा.

तरीही नाही झालं तर डोळ्याचं मशीन किंवा ओटीपीचा पर्याय चालू आहे का ते दुकानदाराला विचारा. ओटीपीसाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. तो बदलून घ्यावा लागतो. कडाक्याच्या थंडीत सकाळी आठला रांगेत उभं करण्यापेक्षा हे काम आधीच करा.

ऊसतोडीला आलेल्या किंवा तात्पुरत्या राहणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ‘एक देश एक रेशन’मुळं त्यांच्या गावच्या कार्डावर केंद्राचं धान्य इथल्या दुकानातही मिळतं. कर्नाटक सरकार वरून जे देतं ते मात्र मिळणार नाही.

पैसे कुठल्या खात्यात पडतात

सरकारी पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं समजू नका. आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातात. दोन-तीन बँकांत खाती असली की गोंधळ होतो : सोसायटीच्या कर्जासाठी उघडलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यात पैसे साचत राहतात आणि बाई रोज दुसऱ्याच बँकेत पासबुक भरून बघत असते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. ‘डीबीटी कर्नाटक’ या ॲपमध्ये कुठल्या योजनेचे किती पैसे कधी आले हेही कळतं.

बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक करा’ एवढंच म्हणू नका. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करा’ असं सांगा, म्हणजे सरकारी अनुदान थेट याच खात्यात पडावं अशी नोंद. नुसतं लिंक केलेलं खातं केवायसीपुरतं असतं आणि त्यात अनुदान पडत नाही.

गृहलक्ष्मी आणि पेन्शन

गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईला मिळतात. ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तर नाही. नोंदणीला पैसे लागत नाहीत. हप्ता ठरल्या तारखेला येतोच असं नाही, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. तेव्हा एक महिना चुकला म्हणून नवा अर्ज करू नका, आधी वरचं मॅपिंग तपासा.

घरची सासू प्रमुख असेल आणि ती वारली तर पैसे थांबतात आणि आपोआप सुनेकडं येत नाहीत. मृत्यूचा दाखला, मग रेशन कार्डावर प्रमुख बदलणं, मग सुनेच्या नावानं नवा अर्ज. तेराव्यानंतर पहिल्या आठवड्यात मृत्यूचा दाखला काढला तर पुढचं सगळं सोपं जातं.

पासष्टीनंतर संध्या सुरक्षा योजनेतून महिन्याला १,२०० रुपये मिळतात. अर्ज नाड कचेरीत. आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि फोटो न्या. म्हाताऱ्यांचं घोडं अडतं ते वयापाशी. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं साल सांगितलेलं असतं आणि मतदार कार्डावर वेगळं असतं. आधारची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा इतर भक्कम पुरावा हातात आला पाहिजे.

गिझर आणि झिरो बिल

गृहज्योतीत २०० युनिट फुकट असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक घराची मर्यादा वेगळी आहे : २०२२-२३ सालातली तुमची महिन्याची सरासरी, अधिक दहा टक्के. ज्यांची सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी होती त्यांना टक्क्यांऐवजी दहा युनिट वाढवून मिळतात. नव्या जोडणीला आधीची सरासरी नसल्यानं ५८ युनिट धरतात.

समजा तुमची सरासरी ७० होती. मर्यादा झाली ७७. थंडीत ११० युनिट जळले तर वरच्या ३३ युनिटांचे पैसे भरायचे. पण २०१ झाले की सूट संपली, पहिल्या युनिटापासून सगळं बिल तुमचं.

थंडीत युनिट वाढतात ते आंघोळीच्या पाण्यानं. पंधरा लिटरची एक बादली अठरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. गिझर तासभर आधी चालू करून ठेवला तर याहून जास्त. ज्यांच्या घरात बंब आणि जळण आहे त्यांनी तोच चालू ठेवावा, हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, त्याचं वाईट वाटणार नाही. रॉड वापरत असाल तर प्लॅस्टिकची बादली घ्या, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

भाडेकरूंनाही योजना मिळते. भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं मतदार कार्ड, आधार, आणि बिलावरचा खाते क्रमांक घेऊन सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. घर बदललं तर जुन्या मीटरवरून आपलं आधार सोडवून घ्या, नाहीतर नव्या घरी अर्ज पुढं सरकत नाही. विजेच्या तक्रारीला १९१२.

अर्ज कन्नडमध्ये असतो

भरून देणारा मिळतो, पण त्यानं काय भरलं ते तुम्हाला कळलं पाहिजे. एवढे शब्द पाठ असले तरी पुरे : हेसरु म्हणजे नाव, तंदे वडील, गंड नवरा, विळास पत्ता, आदाय उत्पन्न, वयस्सु वय, पडितर चीटी रेशन कार्ड. अर्जी म्हणजे अर्ज आणि स्वीकृती म्हणजे पोच. मोबाइलवरच्या संदेशात तिरस्कृत दिसलं तर अर्ज फेटाळला. आपल्या कानाला तो शब्द फार लागतो, पण तो फक्त सरकारी आहे.

पडद्यावर नाव भरताना एक अक्षर बघा. मराठीतला च आणि ज दोन तऱ्हांनी उच्चारतात, कन्नडमध्ये एकाच तऱ्हेनं. ‘जाधव’ किंवा ‘चव्हाण’ लिहिताना ऑपरेटर कानाला येईल तसं लिहितो. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग दाखवून, ‘हेच टाका’ असं सांगा. सबमिट करायच्या आधी एकदा वाचून दाखवायला लावा.

पोच घेतल्याशिवाय उठू नका. नाड कचेरीच्या पोचेवर सकाल कायद्याचा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून देण्याच्या कर्नाटकाच्या कायद्याचा, पंधरा अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकावर अर्ज कुठं अडला ते बघता येतं. मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण कुणीतरी ती मागतो आहे म्हटल्यावर कागद हलतो. तरीही दाद लागली नाही तर जनस्पंदन या सरकारी तक्रार सेवेचा क्रमांक १९०२.

दवाखाना

थंडीत दम्याची माणसं, लहान मुलं आणि सांधेदुखीची म्हातारी यांची गर्दी वाढते. ऊसपाला पेटवल्याचा धूर त्यात भर घालतो. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला, सरकार पॅकेजच्या ३० टक्के देतं, दीड लाखाच्या मर्यादेत. थेट खासगी दवाखान्यात जाऊन कार्ड दाखवलं की चालत नाही. आधी सरकारी दवाखाना, तिथून चिठ्ठी. तातडीच्या प्रसंगात चिठ्ठी लागत नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा, बिल झाल्यावर तो काही करू शकत नाही.

दुसरी सोय यशस्विनी. पीकेपीएसचे (गावच्या शेती सोसायटीचे) किंवा दुसऱ्या सहकारी संस्थेचे सभासद असाल तर ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला ५०० रुपये हप्ता, पुढं प्रत्येक माणशी १०० रुपये, आणि नोंद असलेल्या शस्त्रक्रियांना पाच लाखांचं कवच. नोंदणी वर्षभर नसते. अलीकडं ती थंडीतच उघडत आली आहे, म्हणून सोसायटीच्या फलकावर लक्ष ठेवा.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकानं हरकत घेतली आणि इथली अर्ज केंद्रं जानेवारी २०२४ मध्ये बंद पडली. कोल्हापूरला रुग्ण नेणार असाल तर तिथल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राशी आधी फोनवर बोलून कुठले कागद चालतील ते लिहून घ्या, मगच निघा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतून जाग येत नाही. खिडकी चार बोटं उघडी हवी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. शेकोटीनं भाजलं तर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी, हळद किंवा टूथपेस्ट नको, आणि १०८.

बसचं थोडक्यात : शक्ती योजनेत कर्नाटकाच्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवून बायकांना साध्या सरकारी गाडीत फुकट प्रवास. शून्याचं तिकीट घ्यायलाच लागतं. कोल्हापूर-सांगलीच्या आंतरराज्य गाडीत हे चालत नाही. महाराष्ट्र एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

गावची मदत

शहरात इंदिरा कँटीनमध्ये पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण मिळतं. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी महापालिकेचा रात्र निवारा असतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाची अडचण असेल तर १४५६७, लहान मुलाची असेल तर १०९८.

मंडळं आणि महिला गटांना एक सांगायचं आहे. डिसेंबरात सगळे जण बसस्थानकावर ब्लँकेट वाटतात. एकेकाला तीन-तीन मिळतात आणि पंधरा दिवसांत ती विकली जातात. दुसरीकडं फडावर ऊसतोड टोळ्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, पोरंबाळं घेऊन झोपलेल्या असतात, तिथं कुणी फिरकत नाही. त्यांना ब्लँकेटपेक्षा ताडपत्री लागते. एका कोपीला बारा बाय पंधरा फुटांची एक वरून, आणि जमिनीची ओल अडवायला दुसरी खाली. अंथरुणाखालून थंडी चढते, ती वरच्या पांघरुणानं जात नाही. जुन्या पाच-सहा सुती साड्यांची वाकळ पातळ ब्लँकेटपेक्षा ऊबदार असते आणि धुऊन टिकते. घराघरांतून साड्या गोळा करून गटातल्या बायकांकडून शिवून घ्या. पोरांना कानटोप्या आणि पायमोजे द्या, मोठ्यांच्या मापाचे स्वेटर नकोत.

जाण्याआधी मुकादमाला भेटून कोप्या किती आणि पाच वर्षांखालची मुलं किती ते मोजून घ्या. फडावर सकाळी जाऊ नका, पहाटेपासून सगळे तोडीला गेलेले असतात. दिवस मावळल्यावर गाडी भरून झाली की जा. आणि जाताना त्या गावच्या अंगणवाडी ताईंना सोबत न्या. टोळीतल्या मुलांची नोंद ताईंच्या वहीत झाली की त्यांचा आहार दुसऱ्या दिवसापासून मागता येतो.